विंचवाचं बिऱ्हाड अमेरिकेत: कायम राहायला मोटरहोम की फिफ्थ व्हील? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही दोघं गेली सहा वर्षं चाकांवरच्या घरात राहतो. मुलं मार्गी लागली, न्यू जर्सीतलं घर विकलं आणि निघालो. पहिली दोन वर्षं ३४ फुटी मोटरहोममध्ये काढली, पुढची चार ३८ फुटी फिफ्थ व्हीलमध्ये. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभं राहिलं की कोणीतरी हळूच बाजूला घेऊन विचारतंच, "आम्हीही विचार करतोय, काय घेऊ?" त्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

दोन्हींत नेमका फरक काय?

मोटरहोममध्ये इंजिन, ड्रायव्हरची सीट आणि घर एकाच सांगाड्यावर असतं. त्यातलं ए वर्गाचं मोटरहोम बससारखं सपाट तोंडाचं. सी वर्गाचं फोर्ड ई-४५० सारख्या गाडीच्या सांगाड्यावर बांधलेलं, ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेलं. बी वर्गाचं म्हणजे मर्सिडीज स्प्रिंटर किंवा रॅम प्रोमास्टर व्हॅनच्या आतच बसवलेलं छोटं घर. ए वर्गातही दोन जाती आहेत. पेट्रोलवाल्यांचं इंजिन पुढे असतं आणि ती बहुतेक फोर्डच्या एफ-५३ सांगाड्यावर असतात. डिझेलवाल्यांचं इंजिन मागे असतं, म्हणून त्यांना डिझेल पुशर म्हणतात. त्यांत बहुधा कमिन्सचं इंजिन आणि ॲलिसनचा गिअरबॉक्स सापडतो. कमिन्स म्हटलं की माझ्यातल्या पुणेकराला कोथरूडच आठवतं.

फिफ्थ व्हीलला इंजिन नसतं. तो ट्रेलर आहे, पण गाडीच्या मागच्या बंपरला न जोडता पिकअप ट्रकच्या हौद्यात बसवलेल्या हिचला (जोडणीच्या साधनाला) जोडायचा. त्याचं नाक ट्रकच्या हौद्यावर येतं आणि त्या उंचावरच्या भागात बहुतेक वेळा झोपायची खोली असते.

याला 'पाचवं चाक' का म्हणतात?

घोडागाडीच्या काळातलं नाव आहे. पुढचा आस वळावा म्हणून चार चाकांच्या वर एक आडवं, सपाट चाक बसवायचे. ते पाचवं. आजच्या हिचची ताटली तेच काम करते.

मग कायम राहायला कोणतं चांगलं?

आतली सजावट, सोफे, टीव्ही, फायरप्लेस हे सगळं क्षणभर विसरा. वर्षात किती वेळा मुक्काम हलवणार, तेवढा एक आकडा कागदावर लिहा. माझं सगळं उत्तर त्या आकड्यावर उभं आहे.

पहिल्या वर्षी आम्ही ७१ वेळा मुक्काम हलवला. आज इथे, परवा तिथे. तेव्हा मोटरहोम अगदी योग्य होतं. जागेवर पोचायचं, बटण दाबून गाडी समतल करणारे जॅक खाली सोडायचे, वीज-पाणी जोडायचं, पंधरा मिनिटांत चहा. बाहेर धो धो पाऊस असला तर वीज जोडायलाही उतरायचं नाही, जनरेटर सुरू करायचा. निघतानाही तसंच. वीज-पाणी जोडलेलं नसेल, तर रात्री वादळाचा इशारा आला की दार न उघडता ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन निघता येतं. एकट्या राहणाऱ्या बाईला हे फार मोलाचं आहे, म्हणून एकट्या मैत्रिणींना मी मोटरहोमच सुचवते.

गेल्या वर्षी आम्ही फक्त १४ वेळा हललो. एका जागी तीन आठवडे, कधी दोन महिने. अशा राहण्यात फिफ्थ व्हीलची सर दुसऱ्या कशालाच नाही. छत उंच, खिडक्या मोठ्या, स्वयंपाकघरात दोघांना पाठीला पाठ न लागता उभं राहता येतं, झोपायची खोली पायऱ्या चढून वेगळी. नवरा रात्री उशिरा क्रिकेट बघत बसला तरी मला झोप लागते. पण बस्तान बसवायला आणि आवरायला आम्हाला प्रत्येकी पाऊण तास लागतोच.

तर दोन-तीन दिवसांनी हलणार असाल तर मोटरहोम, दोन-तीन आठवडे ठाण मांडणार असाल तर फिफ्थ व्हील. माझ्या ओळखीतल्या बहुतेकांनी पहिल्या वर्षी खूप पळापळ केली आणि मग त्यांचा वेग आपोआप मंदावला. कायम राहायचं असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा आकडा डोळ्यांपुढे ठेवून घर निवडा.

आमच्याकडे पिकअप आहे. जाहिरातीत १८,००० पौंड ओढतो असं लिहिलंय. चालेल ना?

बहुतेक वेळा नाही. फिफ्थ व्हील घेताना सर्वांत मोठी आणि सर्वांत धोकादायक चूक इथेच होते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

ट्रक किती ओढतो आणि ट्रक पाठीवर किती वाहतो, हे दोन निराळे आकडे आहेत. फिफ्थ व्हीलच्या एकूण वजनापैकी साधारण २० ते २५ टक्के वजन किंगपिनमधून, म्हणजे ट्रेलरच्या नाकाखालच्या खुंट्यातून, थेट ट्रकच्या हौद्यावर येतं. १४,००० पौंडांचा ट्रेलर धरा. किंगपिनवर २,८०० ते ३,५०० पौंड आले. त्यात हिचचे सुमारे २०० पौंड. तुम्ही दोघं, हौद्यातली अवजारं, मागच्या सीटवरचा कुत्रा आणि तांदळाची गोणी. बेरीज सहज ३,५०० ते ४,००० पौंडांवर जाते.

आता ट्रकचं ड्रायव्हरचं दार उघडा. चौकटीवर एक पिवळा-पांढरा स्टिकर आहे. प्रवासी आणि सामान मिळून जास्तीत जास्त किती पौंड, हे त्यावर छापलेलं असतं. तो आकडा तुमच्याच ट्रकचा, जाहिरातीतल्या ट्रकचा नाही. पाऊण टनी (हे वर्गाचं नाव, खरी क्षमता नाही) डिझेल ट्रकवर तो पुष्कळदा २,५०० च्या आतच निघतो, कारण इंजिन स्वतःच जड असतं. म्हणजे जो ट्रक १८,००० ओढतो, तो ३,५०० वाहू शकत नाही. तो निघेल, चढही चढेल, पण मागचा आस आणि टायर क्षमतेपलीकडे गेलेले असतील आणि उतारावर त्याची किंमत मोजावी लागेल.

म्हणूनच मोठ्या फिफ्थ व्हीलपुढे मागे चार चाकांचा, ज्याला इथे डुअली म्हणतात तो एक टनी ट्रक दिसतो. फोर्ड एफ-३५०, रॅम ३५००, शेव्हरले ३५०० हे नेहमीचे. हिशेब करताना ट्रेलरचं रिकामं वजन धरू नका. विक्रेता तेच सांगेल. भरल्यावरची कमाल मर्यादा, म्हणजे जीव्हीडब्ल्यूआर हा आकडा धरा, कारण कायम राहणाऱ्याचं घर भरलेलंच असतं. आणि सगळं सामान भरून झालं की हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल असतो, तिथे थोड्या डॉलरांत प्रत्येक आसाचं वजन कागदावर मिळतं. आम्ही दर वर्षी एकदा करतो.

ट्रक अजून घेतला नसेल तर आधी ट्रेलर ठरवा, मग ट्रक. उलटं केलं की ट्रक दोनदा घ्यावा लागतो.

मोटरहोम बिघडलं तर राहायचं कुठे?

हाच आमचा मोटरहोम सोडण्याचा मुहूर्त ठरला. न्यू मेक्सिकोत गिअरबॉक्स गेला. गाडी गॅरेजमध्ये म्हणजे घरही गॅरेजमध्ये. भाग यायला १९ दिवस लागले. तेवढे दिवस मोटेलच्या एका खोलीत, कपडे दोन पिशव्यांत, देव एका डब्यात. रोज दुपारी गॅरेजमध्ये जाऊन मागच्या कपाटातून औषधं आणायला मेकॅनिकची परवानगी काढावी लागायची. स्वतःच्या घरात जायला परवानगी, हे मला फार लागलं.

फिफ्थ व्हीलचा ट्रक बिघडला तर घर जागेवर राहतं आणि ट्रक कुठल्याही गावातल्या डीलरकडे दुरुस्त होतो. ए वर्गाची मोटरहोम मात्र प्रत्येक गॅरेज हातात घेत नाही. अर्थात फिफ्थ व्हीलचं घरच बिघडलं, स्लाइड (मुक्कामी भिंतीसकट बाहेर सरकणारा खोलीचा भाग) अडकली किंवा आस वाकला, तर तेही दुकानात जातंच.

फिफ्थ व्हील जोडणं अवघड आहे का? मला जमेल?

जमेल. मी पंचावन्नाव्या वर्षी शिकले. ताकद फारशी लागत नाही, घाई मात्र अजिबात चालत नाही.

किंगपिन म्हणजे ट्रेलरच्या नाकाखाली लोंबणारा दोन इंच जाडीचा पोलादी खुंटा. ट्रक हळूहळू मागे घ्यायचा, हिचची ताटली खुंट्याच्या खाली सरकते आणि जबडा खुंट्याभोवती मिटतो. खट् असा आवाज येतो. त्या आवाजावर विश्वास ठेवू नका. ट्रेलर इंचभर जरी जास्त उंच राहिला तरी खुंटा जबड्यात न शिरता त्याच्यावर नुसता टेकतो आणि आवाज तसाच येतो.

टेक्सासमध्ये एका पावसाळी सकाळी नवऱ्याने आरशातून विचारलं, "लागलं?" मी आवाज ऐकला होता. "लागलं," म्हणाले. टॉर्च घेऊन वाकून पाहिलं नाही. ट्रेलरचे पाय वर घेतले, ट्रक दोन फूट पुढे गेला आणि सगळं नाक हौद्याच्या कडांवर आदळलं. दोन्ही कडा दबल्या. कोणी मध्ये उभं नव्हतं, एवढंच नशीब.

तेव्हापासूनचा क्रम असा: टॉर्चने जबडा मिटलेला डोळ्यांनी पाहायचा. ट्रेलरचे पाय जमिनीपासून जेमतेम उचलायचे. ट्रकमधल्या कंट्रोलरने ट्रेलरचे ब्रेक दाबून धरायचे आणि ट्रक पुढे ओढून पाहायचा. हलला नाही तरच पुढची कामं: विजेची केबल, निसटल्यास ब्रेक लावणारी तार, हौद्याचं फाळकं. आणि त्या वेळात शेजारी गप्पा मारायला आला तर नम्रपणे "दहा मिनिटांनी बोलू" म्हणायचं. अर्ध्या चुका गप्पांत होतात.

चालवायला कोणतं सोपं?

पुढे जाताना फिफ्थ व्हील लोकांना वाटतं त्यापेक्षा खूप स्थिर असतं. वजन ट्रकच्या मागच्या आसाच्या आसपास बसतं, त्यामुळे साध्या ट्रेलरसारखं शेपूट हलत नाही. वळताना मात्र ट्रेलर आतली कड कापतो, तेव्हा वळण मोठं घ्यायचं. मागे घेण्याचा सराव रविवारी रिकाम्या पार्किंगमध्ये करा.

मोटरहोम एकटं असेल तर बस चालवण्यासारखं. पण एकटं क्वचितच असतं. भाजी आणायला बस घेऊन जाता येत नाही, म्हणून मागे छोटी गाडी बांधावी लागते. चारही चाकं रस्त्यावर ठेवून ओढता येतील अशा गाड्या मोजक्या, त्यांत जीप रँग्लर सर्वांत जास्त दिसते. आणि गाडी अशी बांधलेली असताना मोटरहोम मागे घेता येत नाही. पेट्रोल पंपात चुकीच्या बाजूने शिरलात तर खाली उतरून गाडी सोडवावी लागते.

चालत्या घरात आई-बाबा किंवा नातवंडं बसू शकतात?

फिफ्थ व्हीलमध्ये नाही. काही राज्यांत कायद्याने चालतं, पण मी कोणालाही बसू देणार नाही. सगळे ट्रकमध्ये. मोटरहोममध्ये बसता येतं, पण पट्टा लावून. चालू गाडीत उठून चहा ठेवायचा, आडवं व्हायचं, हे जाहिरातीतलं चित्र मनातून काढून टाका. लहान मुलांसाठी तर मला ट्रकची मागची सीटच जास्त सुरक्षित वाटते. सोफ्यासारख्या आडव्या बैठकीवर मुलाची कार सीट बसवायची नसते आणि पुष्कळ मोटरहोममध्ये पुढे तोंड असलेल्या पट्ट्याच्या जागा कमीच असतात.

गुडघे दुखत असतील तर दोन्हीकडच्या पायऱ्या मोजून घ्या. फिफ्थ व्हीलमध्ये बाहेरच्या पायऱ्या वेगळ्या आणि रात्री झोपायच्या खोलीतून उतरायच्या वेगळ्या.

आपला स्वयंपाक होतो का?

रोजचा वरण-भात-भाजी-पोळी दोन्हीकडे होतो. प्रश्न विजेचा आणि धुराचा. ३० अँपिअरच्या जोडणीवर एकूण ३,६०० वॅट मिळतात. एसी चालू असताना १,८०० वॅटची इंडक्शन शेगडी लावली, त्यात कोणी मायक्रोवेव्ह सुरू केला की अंधार. ५० अँपिअरच्या जोडणीत वीज आणणाऱ्या दोन तारा असतात आणि १२,००० वॅटपर्यंत मिळतात. मोठी फिफ्थ व्हील आणि मोठी ए वर्गाची मोटरहोम ५० वर असतात, लहान सी वर्गाची ३० वर. रोज स्वयंपाक करणाऱ्या घराने ५० चंच घ्यावं.

मिरचीच्या फोडणीने धुराचा अलार्म हमखास वाजतो. छतावरचा पंखा आधी सुरू करा, मग मोहरी टाका. मासे आणि तळण बाहेर छत्रीखाली छोट्या शेगडीवर. आत केलं तर वास पडद्यांत आठवडाभर राहतो. मिक्सर ११० व्होल्टचा घ्या, भारतातला २३० चा इथे उपयोगाचा नाही.

खर्चात कोणतं परवडतं?

"घर पाहावं बांधून" म्हणतात ते इथेही खरं. ढोबळ मानाने सांगायचं तर नवा डिझेल डुअली ७० हजार ते एक लाख डॉलर आणि कायम राहण्याजोगं फिफ्थ व्हील ६० हजारांपासून दीड लाखापर्यंत. ए वर्गाचं पेट्रोल मोटरहोम दीड ते अडीच लाख आणि डिझेल पुशर अडीच लाखांपासून पुढे, वर मागे बांधायची गाडी. म्हणजे जोडी धरली तर ट्रक-ट्रेलर बहुधा स्वस्त पडतो. ट्रक थकला तर ट्रक बदला, घर जुनं झालं तर घर बदला. मोटरहोममध्ये दोन्ही एकदम बदलावं लागतं.

इंधनात फार फरक पडत नाही. आमचं मोटरहोम गॅलनला सात-आठ मैल द्यायचं, ट्रक ट्रेलर ओढताना दहाच्या आसपास देतो.

दोन गोष्टी खरेदीच्या आधीच विचारा. कायमच्या राहण्यासाठी फुल-टायमर विमा वेगळा घ्यावा लागतो, साधा विमा पुरत नाही. आणि काही उत्पादकांची वॉरंटी कायम राहणाऱ्याला लागूच होत नाही. बारीक अक्षरांतलं वाचून सही करा.

माझा एच-१बी आहे, काम रिमोट आहे. निघू का?

थांबा. एच-१बी कामाच्या जागेशी बांधलेला असतो. ज्या महानगर क्षेत्रासाठी अर्ज मंजूर झाला, त्याबाहेरून कायम काम करायचं तर कंपनीला आधी सुधारित अर्ज करावा लागतो. दर महिन्याला राज्य बदलत लॅपटॉपवर काम करणं या व्हिसात बसत नाही. कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाशी बोलल्याशिवाय घर विकू नका. ग्रीन कार्ड असेल तर कामाचं हे बंधन नाही, पण पत्ता बदलल्यावर १० दिवसांत एआर-११ हा पत्ताबदलाचा सरकारी फॉर्म भरावाच लागतो.

पत्ता कुठला द्यायचा?

बहुतेक फुल-टायमर साउथ डकोटा, टेक्सास किंवा फ्लोरिडा निवडतात. तिन्हींत राज्याचा आयकर नाही आणि टपाल जमा करून पुढे पाठवणाऱ्या सेवा जुन्या व अनुभवी आहेत. टेक्सासमधल्या लिव्हिंगस्टनची एस्केपीज ही संस्था १९७८ पासून आहे. मात्र आरोग्य विमा त्या पत्त्याच्या झिप कोडवर ठरतो, आणि तो इतर राज्यांत चालेलच असं नाही. पासष्ट वर्षांच्या आतल्या लोकांनी राज्य निवडताना आयकराच्या आधी विम्याकडे बघावं.

लायसन्स वेगळं लागतं का?

ते राज्यावर आहे. कॅलिफोर्नियात १५,००० पौंडांवरच्या फिफ्थ व्हीलला बिगरव्यावसायिक ए वर्गाचं आणि ४० फुटांवरच्या मोटरहोमला बी वर्गाचं लायसन्स लागतं. टेक्सासात २६,००० पौंडांची मर्यादा आहे. तुमचा पत्ता ज्या राज्याचा, तिथला नियम लागू.

नॅशनल पार्कमध्ये आणि पुलांखालून जाता येतं का?

उंची फुटा-इंचांत लिहून डॅशबोर्डवर चिकटवा. मोठं फिफ्थ व्हील १३ फुटांच्या पुढे जातं. नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅमचा रेल्वे पूल ट्रकची छपरं सोलण्यासाठी जगभर प्रसिद्ध आहे. २०१९ मध्ये तो उचलून १२ फूट ४ इंच केला, तरी आमचं घर खालून जाणार नाही. कनेक्टिकटच्या मेरिट पार्कवेवर तर अशा गाड्यांना बंदीच आहे, आणि साधा गुगल मॅप हे सांगत नाही. उंची भरता येणारं, आरव्हीचं म्हणजे अशा चाकांवरच्या घरांसाठीचं जीपीएस घ्या.

नॅशनल पार्कमधले जुने कॅम्पग्राउंड लहान गाड्यांच्या काळातले आहेत. मोंटानात ग्लेशियर पार्कच्या गोइंग-टू-द-सन रस्त्याच्या मधल्या टप्प्यावर २१ फुटांपेक्षा लांब गाडी चालत नाही. फिफ्थ व्हीलवाले घर गावाबाहेर ठेवतात, पण लांब डुअली ट्रकही या मर्यादेत बसत नाही. अशा ठिकाणी मोटरहोममागची छोटी गाडी खरंच कामाला येते.

थंडीत काय करता?

दक्षिणेला जातो. 'फोर सीझन' ही पाटी कोणीही लावू शकतं, त्याला ठरलेलं मानक नाही. टाक्या आणि नळ्या बंद पोटात असून तिथे गरम हवा जाते का, हे वाकून बघा.

महाराष्ट्रात असं राहता येईल का?

राज्य सरकारचं कॅरॅव्हान धोरण २०२१ साली आलं, पण ते पर्यटनासाठी आहे. फिफ्थ व्हील ओढणारे ट्रक आणि त्यांना पुरतील अशा जागा तिकडे नाहीत. आठवडाभर कोकणात फिरायला भाड्याची कॅरॅव्हान जरूर घ्या.

पैसे देण्याआधी नक्की काय तपासायचं?

छप्पर. शिडी लावून वर चढा. प्रत्येक जोडावरचं सीलंट बोटाने दाबून पाहा. ते तडकलेलं असेल तर पाणी आत गेलंय असंच धरा. मग आत येऊन कोपऱ्यांत, कपाटांच्या आत आणि स्लाइडच्या कडांना तळहाताने दाबा. कुठे मऊ लागलं तर घर कितीही देखणं असो, निघून या. टायरच्या बाजूवर शेवटी चार अंक असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी नवीकोरी दिसली तरी सात वर्षांचा टायर बदलायचाच, तो खर्च किमतीतून कमी करून मागा.

आणि विक्रेत्याला सगळ्या स्लाइड आत घ्यायला सांगा. दुकानात त्या नेहमी उघड्या असतात, म्हणून घर ऐसपैस दिसतं. आत घेतल्यावर फ्रिजचं दार उघडतं का? संडासापर्यंत जाता येतं का? आमच्या पहिल्या पसंतीच्या फिफ्थ व्हीलमध्ये स्लाइड मिटली की संडासाचं दारच बंद व्हायचं. विक्रेता हसून म्हणाला, प्रवासात कोणाला लागतं. आम्ही त्याचे आभार मानले आणि शेजारच्या रांगेतलं बघायला गेलो. आज राहतो ते तिथेच सापडलं.